हिमावरचें चाक

चाकाचा शोध ही मानवी संस्कृतीच्या इतिहासांतील एक मोठी घटना आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. परंतु या पृथ्वीच्या पाठीवर असेही विस्तीर्ण प्रदेश आहेत कीं, जेथें वर्षांतील चार-पांच महिने या थोर शोधाला रजा देण्याची वहिवाट होती. फिनलंड, स्वीडन, रशिया, कॅनडा या देशांत हिंवाळा आला आणि रस्ते बर्फाखालीं गेले, कीं लोक चाकाची गाडी आडोशाला ठेवीत आणि घसरगाडी बाहेर काढीत. घसरगाडीला चाकें नसतात. तिच्या खालीं दोन लांब, गुळगुळीत पट्ट्या असतात आणि त्यांवरून ती बर्फावर लीलेनें सरकते. ती ओढणाऱ्या घोड्याच्या नालांना मात्र अणकुचीदार खिळे बसवीत. या व्यवस्थेंत एक साधें पण खोल शहाणपण होतें. जें ओढलें जावयाचें त्याला घसरूं द्यावें, आणि जो ओढणार त्याच्या पायाला पकड द्यावी, हें तें शहाणपण.

मोटार आली आणि ही वांटणी मोडली. मोटारींत घोडा आणि गाडी हीं निराळीं उरतच नाहींत. तिला पुढें नेणारें, वळविणारें आणि थांबविणारें सारें सामर्थ्य शेवटीं चाकांतूनच रस्त्यापर्यंत पोहोंचतें. आणि एका चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग असतो साधारणपणें माणसाच्या तळहाताएवढा. चार चाकांचे चार तळहात! एंजिन शंभर अश्वशक्तीचें असो वा पांचशें, जगाशीं त्याचा संबंध काय तो या चार तळहातांपुरता. शर्यतीच्या जातीची वेगवान मोटार, हिंवाळी टायर आणि बर्फ यांची गांठ कशी पडली, याचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. त्याचें सारही आरंभींच सांगून टाकतों. बर्फावर मोटारीचा वेग एंजिन ठरवीत नाहीं. तो ठरवितें रबर, आणि त्या रबराची मर्यादा ओळखणारी माणसाची बुद्धि.

आरंभींच्या मोटारवाल्यांनीं जुनाच उपाय नव्या चाकाला लावून पाहिला. घोड्याच्या टापेला जसा खिळा, तशी चाकाला सांखळी. अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत कॅनास्टोटा नांवाचें गांव आहे. तेथील हॅरी वीड या गृहस्थानें १९०४ सालीं टायरभोंवतीं गुंडाळावयाच्या सांखळीचें पेटंट मिळविलें. ही सांखळी आजही डोंगरी रस्त्यांवर उपयोगीं पडते. परंतु सांखळी म्हणजे अडचणींतून सुटण्याचें साधन, प्रवासाचें नव्हे. ती लावून मोटार हळूहळूच चालवावी लागते, आणि बर्फ संपून उघडा रस्ता लागला कीं ती खडखडत रस्त्यालाही खाते व टायरलाही. खाली उतरा, गारठलेल्या बोटांनीं सांखळी काढा, पुढें पुन्हां बर्फ दिसलें कीं पुन्हां लावा, असा तो द्राविडी प्राणायाम असे.

पुढचें पाऊल उचललें तें फिनलंडनें. त्या देशांतील नोकिया या गांवीं रबराचा एक कारखाना होता. त्यानें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं आणि १९३६ सालीं प्रवासी मोटारींसाठीं खास हिंवाळी टायर बाजारांत आणले. त्यांतील दुसऱ्याचें नांव होतें ‘लुमी-हाक्कापेलीट्टा’. ‘लुमी’ म्हणजे हिम. आणि हाक्कापेलीट्टा हे सतराव्या शतकांतील तीस वर्षांच्या युद्धांत स्वीडनच्या गुस्ताव्ह आडोल्फ राजाच्या पदरीं लढलेले फिनिश घोडेस्वार. टायरला घोडेस्वाराचें नांव द्यावें, यांत मला मोठें औचित्य वाटतें. कारण मोटारींतून नाहींसा झालेला तो खिळ्यांच्या टापांचा घोडा या टायरच्या रूपानें परत आला होता.

या टायरची करामत ती काय? आपल्याकडे आषाढांत काळ्या रानांत रुतलेलें गाडीचें चाक ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना ती चटकन् उमजेल. चिखलानें चाकाची लोखंडी धांव लडबडली कीं ती गुळगुळीत होते आणि चाक जागच्या जागीं फिरूं लागतें. फिनिश कारागिरांनीं टायरच्या पाठीवर रुंद, खोल आडव्या पट्ट्या उठविल्या. चाक फिरतांना या पट्ट्या बर्फांत रुततात, मधल्या खांचांत बर्फ दाबून भरतें, आणि मग गंमत अशी होते कीं त्या खांचांतील बर्फच खालच्या बर्फाला धरून ठेवतें. बर्फाचा गोळा करतांना बर्फ बर्फाला कसें चिकटतें, हें ज्यानें अनुभविलें आहे त्याला यांत नवल वाटणार नाहीं. म्हणजे उन्हाळी टायर बर्फाला झिडकारतो, तर हिंवाळी टायर त्यालाच कामाला लावतो. याच्या जोडीला पुढें रबरांत बारीक बारीक चिराही पाडण्यांत येऊं लागल्या. रबरी पृष्ठाला अशा चिरा देण्याचें पेटंट जॉन साइप या अमेरिकनानें १९२३ सालींच घेतलेलें होतें. चाकावर भार पडला कीं या चिरांच्या कडा किंचित् उघडतात आणि निसरड्या पृष्ठाला नखासारख्या ओरबाडतात.

हे टायर जन्मले ते मालमोटारींच्या आणि साध्या प्रवाशांच्या गरजेपोटीं. वेगवान मोटारीशीं त्यांची गांठ घालून दिली ती एका विलक्षण स्पर्धेनें. भूमध्य समुद्राच्या कांठीं मोनॅको नांवाचें एक चिमुकलें संस्थान आहे. हिंवाळ्यांत तेथें पाहुण्यांची वर्दळ वाढावी, या व्यवहारी हेतूनें १९११ च्या जानेवारींत तेथील मंडळींनीं एक मोटारप्रवासाची स्पर्धा योजिली. युरोपांतील निरनिराळ्या शहरांहून निघावयाचें आणि ठरल्या मुदतींत माँटे कार्लो येथें दाखल व्हावयाचें. पहिल्या वर्षीं तेवीस मोटारी नोंदल्या गेल्या आणि पॅरिसहून निघालेला आंरी रूजिए विजयी झाला. त्या वेळीं मोटारीचा डौल, तिची सुखसोय आणि पोहोंचतेवेळची तिची स्थिति यांनाही गुण होते, त्यामुळें निकालावर बरीच कुरबूर झाली. पुढें ही स्पर्धा बदलत गेली, आल्प्स पर्वताच्या दक्षिण उतरणीवरील खिंडींतून रात्रीं वेगानें मोटार हांकण्याची परीक्षा तींत आली, आणि ‘माँटे कार्लो रॅली’ हें नांव जगभर गाजूं लागलें. या खिंडींचें वैशिष्ट्य असें कीं, एकाच चढणीवर खालीं कोरडें डांबर, मध्यें ओलसर रस्ता, वळणाआड काचेसारखा गोठलेला थर आणि माथ्यावर हातभर बर्फ अशा चारही तऱ्हा अर्ध्या तासांत भेटतात.

या स्पर्धेच्या इतिहासांत १९६५ चें वर्ष माझ्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. त्या वर्षीं फ्रान्सच्या डोंगराळ भागांत बर्फाचें भयंकर वादळ झालें. युरोपभरांतून दोनशेंहून अधिक मोटारी निघाल्या होत्या. मोनॅकोपर्यंत पोहोंचल्या त्या चाळिसांच्या आंत. बाकीच्या वाटेंत रुतल्या, घसरल्या किंवा मुदतीबाहेर गेल्या. जे पोहोंचले त्यांत एक मोटार अशी होती कीं, जिला अशा ठिकाणीं पाहून कोणीही तोंडांत बोट घालावें. ती होती जर्मनीच्या पोर्शे कंपनीची ‘९०४’. ही मोटार शर्यतीसाठींच घडविलेली. तिचें अंग कांचतंतूंचें, एंजिन चालकाच्या पाठीमागें, शक्ति सुमारें १८० अश्वांची, वजन एखाद्या सामान्य मोटारीहून कितीतरी कमी, आणि पोट जमिनीला जवळजवळ टेकलेलें. आदल्याच वर्षीं, १९६४ सालीं, तिनें सिसिलीच्या तापलेल्या रस्त्यांवर ‘टार्गा फ्लोरिओ’ ही नामांकित शर्यत जिंकली होती. सिसिलीच्या उन्हांतील ही नाजूक राणी आल्प्सच्या हिमवादळांत कशी टिकणार, असा प्रश्न कोणालाही पडला असता.

तिचा चालक ऑयगेन ब्योरिंगर हा स्टुटगार्टकडील एक हॉटेलवाला. वय बेचाळीस. १९६२ सालीं त्यानें मर्सिडीस मोटार चालवून युरोपचें रॅली-अजिंक्यपद मिळविलें होतें. त्याच्या शेजारीं बसला होता रोल्फ व्यूटेरिख, पोर्शेचा यंत्रज्ञ. १९५५ सालीं ज्या अपघातांत अमेरिकन नट जेम्स डीन मृत्यु पावला, त्या अपघातांत त्याच्या शेजारीं बसलेला आणि जबर जखमी होऊन वांचलेला तोच हा. वेगाची किंमत या माणसाला कोणी समजावून सांगावयास नको होती. या दोघांनीं ती शर्यतीची मोटार हिंवाळी टायरांवर त्या वादळांतून काढली आणि एकंदर स्पर्धेंत दुसरा क्रमांक पटकावला. पोर्शेचीच तेव्हां अगदीं नवी असलेली ‘९११’ ही मोटार पीटर फाल्क आणि हर्बर्ट लिंगे यांनीं पांचव्या क्रमांकावर आणली.

आणि पहिला कोण आला? टिमो मॅकिनेन हा फिनिश चालक आणि त्याचा इंग्रज सहकारी पॉल ईस्टर, ‘मिनी कूपर एस’ या चिमुकल्या मोटारींत! दुकानांत विकल्या जाणाऱ्या त्या मोटारीची शक्ति पाऊणशें अश्वांच्या आसपास. म्हणजे ९०४ च्या निम्म्याहूनही कमी. तिसरा क्रमांक पॅट मॉस या स्त्री-चालिकेचा, साब मोटारींत. तिचेंही एंजिन लहानच. या निकालाकडे नीट पाहिलें असतां दोन गोष्टी दिसतात. मिनी आणि साब यांचें एंजिन पुढें आणि गति देणारीं चाकेंही पुढचींच. त्यामुळें एंजिनचा सारा भार कामकरी चाकांवर पडे. पोर्शेच्या दोन्ही मोटारींत एंजिनचा भार मागच्या चाकांकडे आणि तींच चाकें गति देणारीं. म्हणजे मांडणी उलटी असली तरी युक्ति एकच, आणि ती घसरगाडीवाल्याचीच: जें ओढतें किंवा ढकलतें, त्याच्या पायाखालीं पकड हवी. हें झालें यंत्राचें. दुसरी गोष्ट माणसाची. ब्योरिंगरजवळ १८० अश्व होते. परंतु त्या रात्रीं रबर जेवढे मागेल तेवढेच त्यानें सोडले असले पाहिजेत. सारे सोडले असते तर तो मोनॅकोला पोहोंचताच ना.

बर्फावर वेगवान मोटार चालविण्याची विद्या म्हणजे मुख्यतः न करण्याची विद्या होय. एकाएकीं ब्रेक दाबूं नये, एकाएकीं वळवूं नये, एकाएकीं वेग वाढवूं नये. तळहातभर रबराजवळ पकडीची एक ठराविक पुंजी असते. ती वळण्यांत खर्च केली तर थांबण्यासाठीं उरत नाहीं. थांबण्यांत खर्च केली तर वळण्यासाठीं उरत नाहीं. म्हणून जाणता चालक वळण येण्यापूर्वींच, चाकें सरळ असतां, वेग उतरवितो. मागें एंजिन असलेल्या मोटारींत आणखी एक धोका असतो. भर वळणावर घाबरून पाय उचलला कीं मोटारीचा भार पुढें झुकतो, मागचीं चाकें हलकीं होतात आणि जड शेपूट बाहेर भिरकावलें जातें. फिनलंड आणि स्वीडन येथील चालक लहानपणापासून गोठलेल्या सरोवरांवर मोटार चालवीत. त्यामुळें घसरणें म्हणजे अपघात नव्हे, तो हिमप्रदेशांतील चालण्याचाच एक प्रकार आहे, हें त्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें. मॅकिनेनसारखे चालक उजव्या पायानें वेग कायम ठेवून डाव्या पायानें हलकेच ब्रेक लावीत आणि मोटारीचें तोंड हवें तिकडे वळवीत.

टायरची निवड किती निर्णायक असते, हें इंग्रज चालक व्हिक एल्फर्ड याच्या दोन वर्षांच्या अनुभवांत स्पष्ट दिसतें. १९६७ सालीं स्पर्धेच्या नियमांनीं टायरांच्या संख्येवर बंधन घातलें होतें. एल्फर्ड आपली पोर्शे ९११ घेऊन आघाडीवर होता; परंतु शेवटच्या टप्प्यांत ट्यूरिनी खिंडीवर ताजें बर्फ पडलें, त्याच्या चाकांवरचे टायर त्या बर्फाचे नव्हते, आणि तो तिसऱ्या क्रमांकावर उतरला. मोटार तीच, चालक तोच, एंजिन तेंच; पालटलें होतें तें एवढेंच, कीं रस्ता एका जातीचा झाला आणि रबर दुसऱ्या जातीचें राहिलें. पुढच्या वर्षीं, १९६८ सालीं, त्यानें आणि डेव्हिड स्टोन यानें पोर्शेला या स्पर्धेंतील पहिला सर्वंकष विजय मिळवून दिला. त्या रात्रीं त्याचा मोठा प्रतिस्पर्धी फ्रेंच चालक जेरार लारूस हा ट्यूरिनी खिंडींत प्रेक्षकांनीं गंमत म्हणून रस्त्यावर टाकलेल्या बर्फावर घसरून बाद झाला. कोरड्या रस्त्यासाठीं निवडलेल्या चाकाखालीं एकाएकीं आलेलें फावडेंभर बर्फ! थट्टेची किंमत किती होऊं शकते, याचें हें उदाहरण आहे. त्यानंतर १९६९ आणि १९७० सालीं स्वीडनच्या ब्योर्न वाल्डेगार्ड यानें ९११ मोटारींतच ही स्पर्धा लागोपाठ जिंकली.

येथवर आपण टायरच्या नक्षीचें पाहिलें. परंतु हिंवाळी टायरचें खरें मर्म नक्षीइतकेंच रबराच्या प्रकृतींत आहे. रबर थंडींत कडक होतें. शर्यतीच्या मोटारीचे उन्हाळी टायर तर उष्णतेंतच चांगले चिकटतील असे केलेले असतात. हवा सात-एक अंश सेल्सिअसच्या खालीं गेली कीं उन्हाळी टायरची लवचिकता कमी होऊं लागते, आणि गोठणबिंदूच्या खालीं तर तो लांकडासारखा वागूं लागतो. हिंवाळी टायरचें मिश्रण थंडींतही मऊ राहील असें केलेलें असतें. म्हणून बर्फ दिसत नसलें तरी कडाक्याच्या थंडींत उन्हाळी टायरवर विसंबूं नये. बर्फाविषयींही एक चमत्कार ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. फार थंड बर्फापेक्षां वितळूं घातलेलें बर्फ अधिक निसरडें असतें. कारण त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो. थंडी कमी झाली म्हणून निर्धास्त होणारा प्रवासी नेमका तेथेंच फसतो.

गोठलेल्या थरावर अधिक पकड मिळावी म्हणून १९६० च्या सुमारास टायरमध्यें कठीण धातूचे बारीक खिळे बसविण्याची चाल सुरू झाली. घोड्याच्या नालाचा खिळा अशा रीतीनें पुन्हां अवतरला. परंतु घोडे थोडे होते आणि मोटारी लाखो. खिळ्यांनीं रस्ते खरवडून काढले. जर्मनीनें १९७५ सालीं खिळ्यांचे टायर बंद केले. जपानमधील सेन्दाईसारख्या शहरांत तर हिंवाळ्यांत रस्त्यांची धूळ हवेंत मिसळून नागरिकांचे हाल होऊं लागले. लोकांनीं तक्रारी केल्या आणि १९९० सालीं तेथें या टायरांविरुद्ध कायदा झाला. एका प्रवाशाची सुरक्षितता दुसऱ्याच्या श्वासावर उठली, तर ती पुरती सुरक्षितता म्हणतां येत नाहीं. या अडचणींतूनच खिळ्यांवांचून बर्फ धरणाऱ्या नव्या रबराचा शोध लागला. १९८८ सालीं जपानमध्यें ‘ब्लिझॅक’ नांवाचा टायर निघाला. त्याच्या रबरांत सूक्ष्म छिद्रें असतात आणि तीं बर्फावरील पाण्याचा थर टिपून घेतात. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे येथें मात्र खिळ्यांचे टायर नियमांच्या चौकटींत आजही वापरले जातात.

इतक्यांत यंत्रविद्येनेंही उडी घेतली. १९८० सालीं ऑडी कंपनीनें ‘क्वाट्रो’ ही चारही चाकांना गति देणारी वेगवान मोटार आणली. १९८३ सालीं माँटे कार्लोच्या वाटेवर बर्फ कमी होतें, तेव्हां केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या लान्शिया मोटारीनें, वाल्टर र्योर्लच्या हातीं, तिच्यावर मात केली. १९८४ सालीं भरपूर बर्फ पडलें आणि पहिले तीनही क्रमांक ऑडीनेंच नेले. त्यांतील पहिला याच र्योर्लचा. चारही तळहातांनीं ढकलण्याचा लाभ बर्फावर किती मोठा, हें यावरून सिद्ध झालें. पुढें चाकें जाम होऊं न देणारा ब्रेक आणि घसरण सांवरणारीं विद्युत्-यंत्रेंही सामान्य मोटारींत आलीं.

परंतु, श्रोतेहो, नेमकें येथेंच सावध राहिलें पाहिजे. चारही चाकांना गति देणारी मोटार बर्फावर झपाट्यानें निघते. थांबतांना मात्र तिला कांहीं जास्तीचे तळहात फुटत नाहींत. ब्रेक आजच्या साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतातच. दाबलेल्या बर्फावर कोरड्या डांबराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच पकड मिळते आणि गोठलेल्या थरावर त्याहूनही पुष्कळ कमी. वेग दुप्पट झाला तर थांबण्याचें अंतर चौपट होतें, हा नियम कोणत्याही यंत्रानें रद्द केलेला नाहीं. सुखानें निघालेल्या मोटारींत बसलेल्या माणसाला पायाखालचा निसरडेपणा कळतच नाहीं. तो कळतो पहिल्या वळणावर, आणि त्या वेळीं शिकण्यास अवधि नसतो. रुंद उन्हाळी टायरांची शक्तिमान मोटार म्हणूनच बर्फांत सर्वांत धोक्याची. तीच मोटार योग्य हिंवाळी टायरांवर, जाणत्या हातीं, वादळांतूनही घरीं येते. १९६५ चा इतिहास त्याला साक्ष आहे.

कायद्यानेंही हें सत्य मानलें आहे. जर्मनींत २०१० सालापासून हिंवाळी स्थितींत योग्य टायरांवांचून मोटार चालविणें हा स्पष्ट गुन्हा झाला. तीन शिखरांच्या पर्वताची आकृति आणि तींत हिमकण, असें चिन्ह त्या टायरांवर असतें. हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असेंही कोणी समजूं नये. २०२० सालीं रोहतांग खिंडीखालून अटल बोगदा खुला झाल्यापासून हिंवाळ्यांत मनाली आणि लाहौलकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, आणि त्या गर्दींत महाराष्ट्रांतील कुटुंबेंही असतात. मैदानांतील टायरांवर, मुलाबाळांसह, हौसेनें बर्फ पाहावयास जाणाऱ्यांनीं पोलिसांनीं नाका बंद केला असतां त्यांच्याशीं हुज्जत घालूं नये. त्या बंदीमागें शंभर वर्षांच्या अनुभवाचें बळ आहे. स्थानिक चालक सांखळी लावण्यासाठीं थांबला तर त्याला घाई करूं नये. आणि बर्फावर पुढची मोटार झपाट्यानें गेली म्हणून आपलीही जाईल, असें मानूं नये. तिच्या चाकांखालीं कोणतें रबर आहे, हें आपणांस दिसत नसतें.

घोडा थकला कीं तो आपण होऊन पाऊल आंखडतो. निसरड्या उतारावर धन्यानें चाबूक उगारला तरी तो जपूनच टाप टाकतो. मोटारीच्या एंजिनांत ही भीति नाहीं. ती यंत्रांत घालतां आली नाहीं, म्हणून ती चालकानें आपल्या मनांत बाळगावी लागते. आणि तशी ती बाळगणाऱ्यालाच हिमप्रदेशांत शूर म्हणतात.